लीद कोण उचलणार?

गेलं दीड वर्ष दर शनिवारी सकाळी मी घोड्यांची लीद उचलतो. ऑफिसात सांगितलं की लोक हसतात. हसू द्या.

पुण्याबाहेर एक छोटी पागा आहे. चार घोडे, थोड्या शेळ्या. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेली मुलं तिथे येतात. घोडा चालताना त्याची पाठ वर-खाली, डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे हलते, साधारण आपली कंबर चालताना हलते तशीच. ज्या मुलाला स्वतः चालता येत नाही, त्याच्या शरीराला त्या पाठीवर बसून चालण्याची लय कळते. अर्थात घोडा सरळ चालत असेल तर! लंगडत असेल तर सगळंच मुसळ केरात.

गेल्या पावसाळ्यात तेच झालं. आदल्या रविवारी एका कंपनीचे चाळीसेक जण टी-शर्ट घालून आले होते. कुंपण रंगवलं, शेळीच्या पिल्लांसोबत फोटो काढले, दुपारी जेवून गेले. ओलं तूस कोणीच बदललं नाही. मी पण नाही, मी त्यांना पागा दाखवत फिरत होतो. ओल्यात उभं राहून राहून घोडीचं खूर आधीच सडायला लागलं होतं. खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो, तिथे घाण साचली की आधी घाणेरडा वास येतो. रोज खूर उचलून साफ केलं तर हे लवकर लक्षात येतं. आमच्या लक्षात आलं ती लंगडायला लागल्यावर.

तीन आठवडे तिच्यावर कोणाला बसवलं नाही. एक आई दोन बस बदलून मुलाला घेऊन आली होती, तशीच परत गेली. फोन करून कळवायचंही आमच्याकडून राहून गेलं होतं.

म्हणून कंपन्यांना आणि कॉलेजांना माझं स्पष्ट म्हणणं आहे: वर्षातून एकदा चाळीस माणसं नकोत, दर आठवड्याला चार द्या. तीच चार. घोड्यालाही माणूस ओळखीचा लागतो.

काही मित्र म्हणतात, फुकट राबून तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देता. प्रश्न योग्य आहे. पण आमच्याकडे मोतद्दार एकच, आणि आम्ही जायला लागेपर्यंत त्याला सुट्टीच नव्हती. आता शनिवारी तो गावी जातो, पगार न कापता. दुसरा मोतद्दार ठेवायला मात्र देणगी मिळत नाही. कुंपणाच्या रंगाला मिळते, त्यावर नाव लिहिता येतं ना!

एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. चार घोड्यांचा हिशेब तुम्हीच करा.

या शनिवारी साडेसहाला निघतोय. गाडीत तीन जागा आहेत आणि जादा गमबुटांचा एक जोड, नऊ नंबर. चप्पल घालून येऊ नका.