बाहुलीवर राग, दुकानदाराला माफी

हुबेहूब माणसासारख्या कृत्रिम सोबत्यांचा विषय निघाला की दोन पक्ष ठरलेले. ब्रिटनमध्ये कॅथलिन रिचर्डसन यांनी २०१५ साली सेक्स रोबोंविरुद्ध मोहीम उघडली. बाईला विकत घ्यायची वस्तू मानण्याची सवय यातून पक्की होते, हा त्यांचा आक्षेप. उलट डेव्हिड लेव्ही यांनी २००७ मध्येच माणूस आणि रोबो यांच्या नात्यांचं पुस्तकभर समर्थन केलं. त्यांच्या बाजूचे लोक विचारतात, एकट्याला सोबत मिळाली तर बिघडलं कुठे?

रिचर्डसनबाईंचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘हार्मनी’ या बाहुलीचं डोकं पापण्या मिटतं, ओठ हलवतं. तिने किती लाजायचं, किती मत्सर करायचा, हे गिऱ्हाईक मोबाइलवर ठरवतं. पण म्हणून सरसकट बंदी? बालरूपी बाहुल्यांवर ती हवीच. परंतु अंथरुणाला खिळलेल्या किंवा जोडीदार गमावलेल्या प्रौढाच्या बंद दाराआड डोकावण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला?

मात्र ‘यात कोणाचंच नुकसान नाही’ हा दुसऱ्या पक्षाचा दावा तर साफ पोकळ आहे. ‘रेप्लिका’ या कृत्रिम सोबत्याशी गप्पा मारण्याच्या ॲपवर प्रेमाचं नातं पैसे भरून मिळे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने अल्पवयीन आणि मनाने नाजूक असलेल्यांना धोका असल्याचं सांगून ॲपला चाप लावला. त्याच सुमारास कंपनीने कामुक संवाद बंद केले. कालपर्यंत लाडात येणारी सखी आज विषय बदलू लागली. वापरकर्ते इतके खचले, की त्यांच्या समूहात आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनची माहिती द्यावी लागली. पुढे कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांना ती सोय परत दिली. म्हणजे घेणारीही तीच, देणारीही तीच! २०२५ मध्ये इटलीने तिला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला.

तेव्हा आमचं म्हणणं सरळ आहे: प्रौढाच्या एकांताला मोकळीक आणि त्या एकांताच्या व्यापाराला लगाम. वयाची खरी पडताळणी हवी. शय्यागृहातलं बोलणं जाहिरातदाराला विकणं गुन्हा ठरावा. सोबत्याचा स्वभाव बदलायचा असेल, तर आधी कळवावं. निघू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला रडून-रुसून अडवणारी यंत्रणा बेकायदा ठरवावी. बाहुलीला ना लाज, ना हाव. दोन्ही असतात माणसाला. म्हणून नीतीचा जाब विचारायचाच, तर आधी तिच्या दुकानदाराला विचारावा.