बिल्ला वाचणाऱ्यांनो, वाद्यही वाचा!

१/ जुन्नरचा इतिहासप्रेमी तरुण नाणेघाटात जातो तेव्हा ब्राह्मी अक्षरांची वळणे न्याहाळतो. शिवराई हातात घेतो तेव्हा वजन, ठसा आणि झीज पाहतो. हाच तरुण जुने विजेवरचे वाद्य विकत घेताना मात्र त्यावरील बिल्ला वाचून समाधान मानतो. ही विसंगती निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे आपल्याच तालुक्यांचा पुरावा नष्ट होतो. हा धागा त्याविषयी.

२/ विजेवरचे जुने वाद्य म्हटले की डोळ्यांसमोर अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार उभी राहते. परंतु नारायणगाव, मंचर, घोडेगाव या परिसरात यात्रेच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत जे तारवाद्य विजेवर गर्जत आले, ते बेंजो. आपल्या मातीतील ‘इलेक्ट्रिक गिटार’ शोधायची असेल, तर ती बेंजोत शोधावी लागेल.

३/ प्रथम नावाचा घोळ. अमेरिकन बँजोला ढोलकीसारखे ताणलेले कातडे असते आणि त्याचे मूळ आफ्रिकेत आहे. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांना दाबणाऱ्या कळा. त्याचा पूर्वज जपानी : ‘ताइशोगोतो’. नागोया येथील मोरिता गोरो यांनी तो १९१२ मध्ये घडवला. कळांची कल्पना त्यांना टंकलेखन यंत्रावरून सुचली.

४/ हे वाद्य भारतात येऊन ‘बुलबुल तरंग’ झाले, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झाले आणि महाराष्ट्रात ‘बेंजो पार्टी’चा प्राण झाले. तेव्हा कोणी ‘एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिशकालीन बेंजो’ विकू लागला, तर घासाघीस करण्याची आवश्यकताच नाही. जे १९१२ मध्ये जन्मले, ते १८८० मध्ये वाजणार कसे?

५/ हाच नियम विजेलाही लागू. पोलादी तारेचे कंपन चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्याच्या साहाय्याने विद्युत्‌प्रवाहात बदलणारा ‘पिकअप’ गिटारीवर आला तो १९३१-३२ च्या सुमारास, लॉस एंजेलिस येथे, रिकनबॅकरच्या ‘फ्राइंग पॅन’ या वाद्यावर. म्हणून ‘१९२५ चा, मूळ पिकअपसह’ असे वर्णन ऐकताच सावध व्हावे. पेटी कदाचित जुनी असेल. पिकअप नंतरचा आहे.

६/ ‘यापूर्वीचे असूच शकत नाही’ ही सीमा ठरवणे हे कालनिर्णयाचे पहिले पाऊल. हंड्यात सापडलेल्या नाण्यांपैकी सर्वांत नवे नाणे कोणते, यावरून तो हंडा कधीच्या आधी पुरला गेला नसावा हे आपण सांगतो. वाद्याचेही तसेच. त्यातील सर्वांत नवा मूळ भाग शोधा.

७/ गिटारीच्या बाबतीत ही खूण बहुधा पोटात दडलेली असते. आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळीच्या धातूवर अनेकदा अंक ठोकलेले असतात. उदाहरणार्थ १३७६६३३. पैकी १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. अशी मूळ कळ असलेली गिटार १९६२ ची असू शकत नाही, बिल्ला काहीही सांगो.

८/ आणि ती कळ मूळचीच आहे कशावरून? तिथले सोल्डरचे डाग पाहा. एकदाच लावलेला डाग आणि वितळवून पुन्हा लावलेला डाग यांत फरक दिसतो. एकच खूण कधीही पुरेशी नसते. खुणांनी परस्परांना दुजोरा द्यावा लागतो. साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच.

९/ ‘पण कारखान्याचाच बिल्ला असेल तर?’ तोही खोटे बोलतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ते १९५९ मध्ये मिळाले. त्यानंतर कंपनीने पिकअपवर पेटंट क्रमांकाची पट्टी चिकटवली. तो क्रमांक होता २७३७८४२ आणि तो या पिकअपचा नव्हताच! तो लेस पॉल यांच्या नावावरील, तारा अडकवण्याच्या भागाचा होता.

१०/ फेंडरच्या जुन्या गिटारींच्या पाठीवरील पट्टीवर क्रमांक असतो. त्या पट्ट्या क्रमवार बसवल्या जात नसत; हाताला येईल ती लावली जाई. त्यामुळे केवळ क्रमांकावरून वर्ष सांगणारा विक्रेता एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड. ग्राहकाने दोन्हींपासून जपावे.

११/ आपल्याकडील वाद्यांसाठी आपल्या इतिहासाने दिलेल्या खुणा अधिक उपयोगी आहेत. किंमत आण्यांत छापली असेल, तर कागद बहुधा दशमान नाण्यांपूर्वीचा, म्हणजे १९५७ पूर्वीचा. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल, तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल, तर बहुधा १९९५ नंतरचा. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल, तर १९४७ ते १९५२ या काळातील निर्यात. पोस्टखात्याचा इतिहास वाद्याचे वय सांगतो, तो असा.

१२/ येथवर खरेदीदाराच्या खिशाचा प्रश्न झाला. आता खरा आक्षेप. जुना बेंजो विकत घेऊन काही हौशी मंडळी त्याला ‘मूळ रूपात’ आणू पाहतात. पिकअप उपटतात, तारांची जोडणी काढून टाकतात, पेटीला नवे पॉलिश देतात, वादकाने रंगवलेले पार्टीचे नाव घासून काढतात आणि ‘अस्सल, अस्पर्शित’ म्हणून दिवाणखान्यात मांडतात. याला जतन म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

१३/ ते युक्तिवाद करतात : ‘जुन्या गिटारीवर नवा रंग चढवला की तिचे मोल साधारण निम्म्यावर येते, असा बाजाराचा संकेत आहे. म्हणजे मूळ रूपच मोलाचे ना?’ बरोबर. परंतु मूळ रूप म्हणजे काय? त्या गिटारीची ओळख कारखान्यात घडली, म्हणून कारखान्याचा रंग हा तिचा पुरावा. मिरवणुकीतल्या बेंजोची ओळख कारखान्यात पूर्ण झालीच नव्हती.

१४/ ती गावच्या मिस्त्रीच्या हाताखाली झाली. घरातल्या माणसांसाठी केलेली मंद आवाजाची पेटी हजारोंच्या गर्दीत ऐकू जावी, म्हणून कोणीतरी तिच्यात चुंबक बसवले, वायर ओढली, भोंग्याला जोडली. ही तोडफोड नव्हती, ती निर्मिती होती. तो वाकडातिकडा सोल्डरचा डाग म्हणजे त्या अनाम कारागिराची सही. तुम्ही सही पुसता आणि कोऱ्या कागदाला ‘अस्सल’ म्हणता.

१५/ आंबेगावच्या सीमेलगत भीमाशंकराच्या देवळात पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणवलेल्या घंटांपैकी ती एक, असे परंपरा सांगते. तिच्यावरील ख्रिस्ती चिन्हे घासून ‘शुद्ध’ करा असे कोणी म्हणेल का? किंवा ‘मूळ जागी’ चर्चमध्येच तिचा इतिहास संपला असे तरी? ती ओतली गेली तो एक इतिहास, ती इथे वाजली तो दुसरा. दोन्ही मिळून ती घंटा होते.

१६/ नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. राहुट्यांत यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात, फड गावोगाव जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव आज राज्य शासनाच्या जीवनगौरव पुरस्काराला आहे, ते योग्यच. परंतु फडाच्या मागच्या रांगेत बसून वाजवणाऱ्यांची, मिरवणुकीत बेंजो गळ्यात अडकवून मैलोन्‌मैल चालणाऱ्यांची किती नावे आपल्याला सांगता येतील?

१७/ या माणसांनी बखरी लिहून ठेवल्या नाहीत. त्यांचे दफ्तर म्हणजे त्यांचे वाद्य. बोटांनी झिजलेल्या कळा सांगतात कोणते सूर अधिक वाजले. पट्ट्याची झीज सांगते ते उभ्याने वाजले की बसून. आज बेंजो पार्टीतही कीबोर्ड आला आणि जुनी वाद्ये माळ्यावर गेली. भंगारवाला ती किलोवर नेतो. आपण जर त्यांचे लेखच खरवडणार असू, तर भंगारवाला अधिक प्रामाणिक. तो निदान इतिहासाचे नाव घेत नाही.

१८/ ‘पैसे माझे, वाद्य माझे.’ मान्य. वस्तू तुमची झाली, पुरावा तुमचा झाला नाही. म्हणून खरेदीपूर्वी एवढे करा. पेटी उघडण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. वादकाचे नाव, गाव, पार्टी, दुरुस्ती कोणी व केव्हा केली, हे त्याच्याच तोंडून व त्याच्या संमतीने लिहून घ्या. झिजलेला भाग बदलावाच लागला, तर जुना चिठ्ठी लावून सोबत ठेवा.

१९/ आणि विकणाऱ्या म्हाताऱ्या वादकाच्या अडचणीचा फायदा घेऊ नका. वाद्याचे खरे वय तुम्हाला कळले असेल आणि त्याला ठाऊक नसेल, तर ते त्याला सांगा, मग भाव करा. ज्ञान लपवून केलेला सौदा स्वस्त पडतो. पण त्यानंतर स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवून घेऊ नये.

२०/ शिलालेखाची झिजलेली ओळ आपण नव्याने कोरत नाही. जशी आहे तशी वाचतो. माळ्यावरच्या बेंजोलाही तेवढाच मान द्या. मतभेद असल्यास पुराव्यानिशी जरूर मांडावेत. लेखनसीमा.