मोठ्या बोअरचं छोटं डोकं

ज्याला वर्तुळाचं क्षेत्रफळ काढता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावू नये. हा माझा सगळ्यात सौम्य मुद्दा आहे. पुढचे याहून कडक आहेत.

वाशीम जिल्ह्यात पासष्ट किंवा पंच्याऐंशी सीसीची खरीखुरी टू-स्ट्रोक डर्ट बाइक शोधायला निघालात, तर पेट्रोल संपेल पण गाडी सापडणार नाही. तिची जागा आपल्याकडे यामाहाच्या आरएक्स हंड्रेडने घेतली आहे. पुढचं मडगार्ड कापायचं, बटनाचे टायर चढवायचे, हँडल उंच करायचं आणि पांदणीत घालायची. इथवर माझी कसलीच तक्रार नाही. पांदणीत गाडी उडवण्यात मजा आहे आणि ज्याला ती कळत नाही त्याच्याशी मला बोलायचंही नाही. माझं डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला. "भौ, मोठा बोअर करून देतो. नुस्ती उडते पहा!"

कोणी सांगितलं, उडते म्हणून?

आधी हिशेब करू. आरएक्स हंड्रेडचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तीही ५० मिलिमीटर. बोअरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ स्ट्रोकने गुणलं की ९८ सीसी येतात. बाजारात ओव्हरसाइज पिस्टन मिळतात ते पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटरचे. या चारही पायऱ्या चढून बोअर ५१ वर नेला, तरी इंजिन होतं १०२ सीसीचं. वाढ किती? चार सीसी. खोकल्याच्या औषधाच्या चमच्यात मावतील एवढे. आणि तरी वाशीमच्या पाटणी चौकात उभा राहून पोट्टा शपथेवर सांगतो, "बोअर मारल्यापासून गाडी वेगळीच झाली." वेगळी झाली हे अगदी खरं आहे. जुनी रिंग झिजली होती, कॉम्प्रेशन गेलं होतं, नव्या पिस्टनने ते परत आलं. आजारी इंजिन बरं झालं, त्याला हा ताकद वाढली म्हणतो. झिजलेला ब्लॉक पाव मिलिमीटरने बोअर करणं हा उपचार आहे आणि तो चोख करणाऱ्या लेथवाल्यापुढे मी हात जोडतो. माझं भांडण आहे निरोगी इंजिन कापणाऱ्यांशी.

मग किटवाले पुढे सरसावतात. म्हणतात, चार सीसी नको ना, १३५ चं किट टाकू. ठीक. आरएक्स १३५ कोणी बनवली? यामाहानेच. कशी बनवली? स्ट्रोक तोच, ५० मिलिमीटर. बोअर ५८. सीसी १३२. म्हणजे मोठ्या बोअरचा प्रयोग खुद्द कंपनीने करून ठेवलेला आहे आणि त्याचा निकालही छापलेला आहे. आरएक्स हंड्रेडची ताकद ११ बीएचपी. चार गिअरच्या आरएक्स १३५ ची १२. क्षमता जवळपास पस्तीस टक्क्यांनी वाढली, ताकद नऊ टक्क्यांनी. यावर किटवाला म्हणतो, "ते तर पोल्युशनसाठी बांधून टाकलं होतं भौ." अरे, मग मी काय वेगळं म्हणतोय? बोअर तोच राहिला, पोर्ट आणि सायलेन्सर बांधले आणि ताकद गेली. पुढे त्याच ५८ च्या बोअरमधून पाच गिअरवालीने १४ काढले. तुझ्याच तोंडून निघालं की ताकद बोअरमध्ये राहत नाही!

एवढ्याने समाधान होत नसेल तर राजदूत ३५० घ्या. १९८३ साली एस्कॉर्ट्सने ती आपल्याकडे आणली, यामाहाच्या आरडी ३५० वरून. जपानी इंजिन ३९ अश्वशक्तीचं होतं. आपल्याकडच्या 'हाय टॉर्क'ला ३०.५ मिळाली आणि 'लो टॉर्क'ला २७. तिन्हींचा बोअर ६४, तिन्हींचा स्ट्रोक ५४, तिन्ही ३४७ सीसी. बोअरच्या भक्तांनी या तीन आकड्यांचा खुलासा करावा. मी थांबतो. खुलासा येणार नाही, कारण तो पोर्टच्या उंचीत आणि सायलेन्सरच्या पोटात आहे, आणि तिथे डोकवायला डोकं लागतं.

टू-स्ट्रोक इंजिनाचं सगळं तत्त्वज्ञान श्वसनाचं आहे. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेस पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढतं, खाली येतो तेव्हा तेच मिश्रण ट्रान्स्फर पोर्टमधून वर ढकललं जातं. जळलेला धूर एक्झॉस्ट पोर्टने बाहेर पडतो आणि त्याच्यामागे थोडं ताजं मिश्रणही पळायला बघतं. त्याला परत आत लोटतो कोण? नीट घडवलेल्या सायलेन्सरमधून उलट फिरलेली दाबाची लाट. आता कार्बोरेटर तोच, रीड व्हॉल्व तोच, पोर्ट तेच, सायलेन्सर तोच, आणि फक्त बोअर मोठा. विहिरीचा घेर वाढवला म्हणून झरा वाढत नाही, हे ज्याच्या वावरात विहीर आहे त्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तोच माणूस गाडी घेऊन वर्कशॉपात गेला की ते विसरतो. काहून?

पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा अभियंता होता. साधनं तुटपुंजी आणि शर्यतीचा नियम सांगणार की १२५ सीसीच्या वर जायचं नाही. बोअर वाढवायची वाटच बंद! त्याने काय केलं? रोटरी डिस्क व्हॉल्व लावला, पोर्टची जागा आणि आकार यांचा अभ्यास केला, एक्झॉस्टच्या पाइपातल्या लाटा मोजल्या आणि १९६१ पर्यंत त्या १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली. लिटरमागे २०० अश्वशक्तीचा हा टप्पा टर्बो-सुपरचार्जरशिवाय तोवर कोणी गाठला नव्हता. त्याच साली त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला आणि ही विद्या जपानला, सुझुकीला जाऊन मिळाली. सहा वर्षांत सुझुकीची ५० सीसीची रेसिंग मोटरसायकल साडेसतरा अश्वशक्ती देत होती. पन्नास सीसी! आपल्या लुनाएवढं इंजिन, आणि ताकद १३५ च्या किटपेक्षा जास्त. ज्ञानाचा एवढा मोठा इतिहास पाठीशी असताना आपल्या मेकॅनिकची मजल कुठवर? भोक मोठं करण्यापर्यंत.

लेथवरची एक गोष्ट जवळून सांगतो, म्हणजे माझा राग हवेतला नाही हे कळेल. किट मारलेल्या एका गाडीचा ब्लॉक मी हातात घेऊन पाहिला आहे. मूळ लायनर काढून जाड लायनर ठोकलेला होता. त्यात पोर्ट पाडले होते कानशीने. एक्झॉस्टची वरची कड डावीकडे एक मिलिमीटर उंच, उजवीकडे नाही. एवढ्याशा स्ट्रोकमध्ये एक मिलिमीटर म्हणजे पोर्ट उघडा राहण्याचा काळ पाचेक अंशांनी बदलतो. ते काम करणाऱ्या माणसाला अंश म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. अंश मोजायचं डिग्री व्हील त्याच्या दुकानात कधी आलेलंच नव्हतं. पोर्टच्या कडा बोटाला कापतील इतक्या धारदार सोडलेल्या. रिंग दर फेऱ्याला त्या कडेवरून जाते, मिनिटाला सात हजार वेळा खाली आणि सात हजार वेळा वर. ती अडकणार नाही तर काय होईल? अडकली, तुटली, तिचा तुकडा पिस्टनच्या डोक्यावर नाचला आणि पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर वरपासून खालपर्यंत चार उभे चरे पडले. मालकाला सांगितलं काय? "ऑइल कमी पडलं तुमच्याकडून." निर्लज्जपणाला मोजपट्टी असती, तर ती त्या काउंटरवर तुटली असती.

ऑइलचा विषय निघालाच आहे. यामाहाने या गाडीला ऑटोल्यूब पंप दिला. इंजिनाचा वेग आणि थ्रॉटल यांच्या हिशेबाने तो तेल पाठवतो. किट टाकणारा पहिलं काम करतो ते हा पंप काढून फेकण्याचं. "पेट्रोलमध्येच मिसळा, टेन्शन नोको घेऊ." मग घाटाच्या उतारावर पोट्टा थ्रॉटल बंद करतो, चाक इंजिनाला जोरात फिरवत राहतं, पेट्रोल जात नाही म्हणून तेलही जात नाही, आणि गाडी जाम होते. मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. याला अपघात म्हणतात आणि दोष खड्ड्याला देतात.

आता हे सगळं आपल्या मातीत आणून बघा. इंजिन हवेवर थंड होणारं. मोठा बोअर म्हणजे जास्त उष्णता, पण ब्लॉकवरचे पंखे, म्हणजे फिन, तेवढेच, उलट लायनर नीट घट्ट बसला नसेल तर उष्णता पंख्यांपर्यंत पोचतच नाही. मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी घाला. चिकट गाळ पंख्यांच्या फटीत भरतो, वाळतो, टणक होतो. मडगार्ड आणि टायर यांच्यात असा ठासतो की चाकच फिरेनासं होतं. तिथे तुमच्या वाढीव अश्वशक्तीचं लोणचं घालायचं का? उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. जास्त हवा ओढावी म्हणून एअर फिल्टरचा डबा काढून टाकतात. टू-स्ट्रोकमध्ये बाहेरची हवा थेट क्रँककेसमधून जाते, म्हणजे सोयाबीनच्या वावरातली धूळ क्रँकच्या बेअरिंगला आणि कनेक्टिंग रॉडला घासूनच वर चढते. कोऱ्या किटचा ब्लॉक एका हंगामात पॉलिश कागद मारल्यासारखा होतो आणि मग पुन्हा बोअर. लेथवाल्याचं घर चालतं, गाडीवाल्याचं बसतं.

आणि एवढा वेग पाहिजे कुठे? समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. उरले ते मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्यांचे रस्ते. गाडीचे ब्रेक पुढे-मागे १३० मिलिमीटरचे ड्रम, १९८५ च्या वेगाला पुरतील असे. वेग वीस टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा चव्वेचाळीस टक्के वाढते. ब्रेकचं किट कोणी मागितलेलं मी ऐकलेलं नाही.

कायद्याचं बोललो की हे लोक हसतात. हसू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही ठोठावतं. एमएच-३७ च्या पुस्तकात ९८ सीसी लिहिलेलं आणि खाली १३२. उद्या कोणाला धडक बसली तर विमा कंपनीच्या वकिलाच्या हातात हे आयतं हत्यार आहे. तेव्हा किटवाला कोर्टात साक्षीला येणार आहे का?

सगळ्यात संताप आणणारी गोष्ट वेगळीच आहे. हेच लोक आरएक्स हंड्रेडची आरती करतात. इंजिनावर 'मेड इन जपान' कोरलेलं दिसलं की डोळे पाणावतात, लाखाच्या पुढे बोली लावतात. "जपानी माल हाय भौ, याच्यासारखं इंजिन पुन्हा होणे नाही." बरोबर, पुन्हा होणे नाही! १९९६ मध्ये ती गाडी बंद झाली. जेवढे मूळ ब्लॉक आहेत तेवढेच आहेत. आणि ज्याची एवढी थोरवी गायली तो ब्लॉक दुसऱ्या दिवशी लेथच्या चकमध्ये आवळायचा? १३५ चं किट बसवायला क्रँककेसचं तोंड खरवडतात. ते खरवडलेलं ॲल्युमिनियम पुन्हा भरून येत नाही. आणि विकताना त्याच गाडीचं वर्णन एका दमात, "इंजिन ओरिजिनल, फुल मॉडिफाय". या माणसाला कोणता शब्द खरा वाटतो?

खरोखर मोठं इंजिन हवं असलं, तर कंपनी काय करते ते बघा. कावासाकीची लहान मोटोक्रॉस केएक्स १०० होती, बोअर ५२.५. तिची ११२ करायची ठरली तेव्हा बोअर तसाच ठेवला आणि क्रँक बदलून स्ट्रोक ५१.६ पर्यंत वाढवला. क्रँकचा तोल नव्याने साधला. आपल्याकडे ५० च्या हलक्या पिस्टनसाठी तोललेल्या क्रँकवर ५८ चा जड पिस्टन चढवतात आणि हँडलला मुंग्या आल्या की ग्रिप बदलतात. आणि ज्या पोराच्या अंगात चिखलातली रग आहे, त्याच्यासाठी शर्यत आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तिच्यात छोट्या पोरांचा ८५ सीसीचा वर्ग होता. त्या वर्गात सीसीला हद्द आहे, हुनर दाखवायला मात्र हद्द नाही. रिसोडच्या पोट्ट्याला तिथे न्यायचं सोडून आपण त्याच्या हाती किट देतो आणि अकोला नाक्यावर रात्री अकराला उडव म्हणतो.

तरी कोणाचा ब्लॉक खरंच झिजला असेल आणि बोअर मारावाच लागत असेल, तर लेथवाल्याला तीन प्रश्न विचारा. पिस्टन आणि भिंत यांच्यात किती फट ठेवणार, आणि ती कशाने मोजणार? पोर्टच्या कडा मोडून गोल करणार का? पिस्टन आधी माझ्या हातात देऊन, त्याचंच माप घेऊन बोअर करणार का? उत्तर "काही होत नाही भौ" असं आलं, तर ब्लॉक उचलायचा, पिशवीत घालायचा आणि दुसरं दुकान गाठायचं.