राजीनामा कशाचा?



आपल्याकडं राजीनाम्याला लई भाव आहे. हातात माईक आला की जो तो सांगतो, बाबासाहेबांनी मंत्रीपदाला लाथ मारली. टाळ्या पडतात. कशासाठी मारली, असं खाली बसलेल्या पोराला विचारा. तो शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो.

आणि लाथ मारली हेही खरं नाही. लाथ बसते ती नावडत्या कामाला. जॉबरशी वाजलं की बदली कामगारही हजेरीचं कार्ड फेकून गेटाबाहेर पडतो. ती चीड असते, राजीनामा नसतो. बाबासाहेबांनी सोडलं ते जिवाभावाचं काम होतं. कायदामंत्र्याचं खातं त्यांना पोकळच वाटायचं, तसं त्यांनी निवेदनात लिहून ठेवलंय. जीव होता तो हिंदू कोड बिलात. बाईला नवरा सोडायचा हक्क, पुरुषाला एकच बायको, पोरीला बापाच्या मिळकतीत हिस्सा. यासाठी ते मंत्रिमंडळात थांबले. सोडायचा विचार आधीपासूनच होता, या बिलाच्या आशेनं पाय अडला. तब्येत ढासळलेली. बिल फोडून निदान लग्न आणि घटस्फोट एवढा भाग तरी घ्या, यालाही कबूल झाले. चार कलमं मंजूर झाली आणि सरकारनं बिल गुंडाळलं. तेव्हा, २७ सप्टेंबर १९५१ ला, राजीनामा.

कारणं एकटं बिलच नव्हतं. दलितांकडं झालेलं दुर्लक्ष होतं, परराष्ट्र धोरण होतं, महत्त्वाच्या कामापासून बाजूला ठेवणं होतं. सगळी कारणं त्यांनी लिहून काढली. ऑक्टोबरात संसदेत निवेदन वाचायच्या वेळी, प्रत आधी दाखवा, असं सांगण्यात आलं. ते उठले, बाहेर आले, निवेदन पत्रकारांच्या हातात दिलं. राजीनामा असा देतात. आजारपण, घरगुती अडचण असली खोटी कारणं त्यात नसतात.

पुढं १९५२ ला मुंबईतून लोकसभेला हरले. तेच बिल १९५५-५६ मध्ये चार तुकडे करून कायदे झालं, मंत्री दुसरेच. पोरीला भावाच्या बरोबरीनं वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मिळायला २००५ साल उजाडलं. ज्याच्यासाठी खुर्ची सोडली ते डोळ्यांदेखत पुरं झालंच नाही. तरी सोडली.

हे त्यांनी आपल्या बापजाद्यांनाही सांगितलं होतं. महारकी ही काय नुसती जबरदस्ती होती? बावन्न हक्कांचा केवढा तोरा होता आपल्याला! वतनाचा तुकडा, बलुतं, गावात मान. त्या मानापायी अख्खं घर रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या हाकेला बांधलेलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा वतन सुटेल म्हणून घाबरणारे आपल्यातच होते. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. नावडती साखळी कुणीही तोडील. आवडती साखळी तोडायला शिकवावं लागतं.

आता आजचे वतनदार बघा. कुणी महामंडळावर, कुणी कमिटीवर, कुणी संस्थेवर. विचारलं की एकच पाठ: "आत राहून काम करता येतं." येतं की! बाबासाहेब चार वर्षं आतच होते. पण त्यांच्या चार वर्षांचा हिशेब कागदावर आहे. तुमच्या आत राहण्याचा हिशेब कुठाय? काय मागितलं, कितीदा मागितलं, काय मिळालं? खुर्ची आवडते आणि नाव कामाचं घेता, साला हा कुठला आंबेडकरवाद?

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. पाळी सुटली की वस्तीतल्या एका संस्थेच्या अभ्यासिकेत पुस्तकं सांभाळायचो, पोरांना शिकवायचो. मानधन चहापुरतं. पण त्यापेक्षा आवडतं काम मला आयुष्यात मिळालेलं नाही. बायकांनी रविवारी तीच खोली मागितली, वारसाहक्काचा कायदा समजून घ्यायला. हा कायदा आपल्या बौद्ध घरांनाही लागू आहे. अध्यक्ष आपलेच, गळ्यात निळा रुमाल. म्हणाले, "बायकांना वाटण्या शिकवू नका, घरं फुटत्यात." दोनदा लेखी अर्ज दिला, सहा महिने वाट बघितली. मग कारणं लिहून राजीनामा दिला आणि त्याची प्रत वस्तीतल्या नळापाशी चिकटवली. बायका आता विहाराच्या ओट्यावर बसतात. मी कायदा वाचून दाखवतो. पुस्तकांची कपाटं आठवतात, खोटं कशाला बोलू?

पोटाची नोकरी सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. चूल विझवून क्रांती होत नाही. मी बोलतोय ते मानाच्या जागांबद्दल. ज्या जागेवर बसून तुम्हाला स्वतःच्याच माणसांना नाही म्हणावं लागतं, ती जागा कितीही आवडो, ती तुमची नाही. आधी मागा. लेखी मागा. मुदत द्या. मग सोडा, आणि का सोडली ते भर चौकात सांगा.

आणि येत्या जयंतीला भाषण करणार असाल तर पोरांना आधी हे सांगा, की आपल्या बापानं मंत्रीपद सोडलं ते बायकांच्या हक्कासाठीही. मग खाली उतरून आपापल्या घरात बघा. बहिणीचा हिस्सा कुणाच्या नावावर आहे?

जयभीम.