घरोघरी पोलीस, पण ज्यांना दारच नाही त्यांचे काय?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने ‘मने मनेगे पोलीस’, म्हणजे ‘घरोघरी पोलीस’, ही योजना सुरू केली. शिपायाने घरी जाऊन रहिवाशांच्या अडचणी ऐकाव्यात, ही कल्पना स्वागतार्हच आहे. बंगळूरच्या बसवनगुडीसारख्या जुन्या मध्यमवर्गीय वस्तीतील एकाकी वृद्धांना तिचा आधार वाटेल.

परंतु बसवनगुडी म्हणजे केवळ घरमालक नव्हेत. गांधी बाजारातील फूलवाल्या, पहाटे धुणीभांडी करावयास येणाऱ्या मोलकरणी, कार्तिकातील शेंगांच्या जत्रेला माल आणणारे शेतकरी, यांच्या कोणत्या दारी पोलीस जाणार? या वस्तीत त्यांना दारच नाही! त्यांना पोलीस भेटतो तो बहुधा दंडुक्यासह. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे कलम २७ स्पष्ट सांगते की, प्रमाणपत्रातील अटींनुसार धंदा करणाऱ्यास पोलिसांनीही अडवता कामा नये. हे कलम किती विक्रेत्यांच्या कानी गेले आहे?

तक्रार नोंदविणे ही ठाण्याची मेहेरबानी नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच ती नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीची सबब चालत नाही, आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. नकार मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार धाडता येते, व तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. कार्यकर्त्यांनी एवढा मजकूर कन्नडमध्ये छापून बाजारात वाटावा. घरोघरी फिरणाऱ्या शिपायाच्याही हाती एक प्रत द्यावी.