काट्याची पावती कुणी वाचत नाही

दोन ट्रॉल्यांची उसाची गाडी रात्री मागून कशी दिसते, हे बारामती-इंदापूर रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मागचा दिवा वाढ्याखाली झाकलेला, मागच्या ट्रॉलीवर नंबर नाही, टिपऱ्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेल्या. ॲक्सल मोडला तर भोवती चार दगड मांडायचे. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र तिथेच राहतात आणि पुढच्या मोटारसायकलवाल्याची वाट बघतात.

काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे असा जाणारा हा रस्ता म्हणजे संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. आषाढात पालखी सणसरला मुक्कामी असते, तेव्हा अख्खे प्रशासन या रस्त्यावर उभे असते. नोव्हेंबरात मोळी पडून गाळप सुरू झाले की त्याच रस्त्यावर उसाची रांग सुरू होते. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा खासगी कारखाना अशी सगळ्यांची धुराडी एकाच वेळी पेटलेली असतात. रस्ता रुंद झाला, वेग वाढला. ट्रॅक्टर मात्र त्याच चालीने चालला आहे. रुंद रस्त्यावर संथ आणि अंधारी गाडी जास्त धोक्याची असते, हे रस्ता बांधणाऱ्यांच्या लक्षात आले की नाही कोण जाणे.

हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते. यार्डात कार्यक्रम होतो, फोटो निघतात, ड्रायव्हरांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या जातात. मोहिमेला माझा विरोध नाही. कापडी रिफ्लेक्टरने जीव वाचतात. पण या साखळीत ड्रायव्हर सगळ्यात शेवटचा माणूस आहे. बेशिस्त कुठून येते हे पाहायचे असेल तर पैसा कुठून येतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

वाहतुकीचे बिल टनावर निघते. खेप जितकी जड, तितके बिल मोठे. आता कारखान्याचा वजनकाटा पाहा. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, सगळे संगणकात जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २० हजार रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. म्हणजे पाच टन जास्त भरले तर ३० हजार. माल बाजूंनी किंवा मागे बाहेर आला तर त्याला वेगळे २० हजार. हे कलम नुसत्या गाडी चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. वाळूचा डंपर पकडायला अधिकाऱ्याला रात्री जागावे लागते. उसाच्या गाडीचा पुरावा मात्र खेपेगणिक आपोआप छापून निघतो, आणि त्याच कागदावर बिल मंजूर होते! तो कागद दंडासाठी कुणी उघडत नाही.

गाडीच्या मालकाने जास्त का भरावे? हाव हे उत्तर सोपे आहे, पण अर्धेच आहे. उरलेले उत्तर उचलीत, म्हणजे तोडणी मजुरांना द्यायच्या आगाऊ रकमेत आहे. कारखाना वाहनमालकाशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो. उचलीसाठी बहुधा बँकेचे कर्ज निघते आणि ते मालकाच्या नावावर असते. हे पैसे घेऊन मालक बीड, जालना किंवा अहिल्यानगर भागातल्या मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडे जातो आणि इतके कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, देणार म्हणून स्टँपवर लिहून घेतो. दिवाळी उलटते आणि टोळी येतच नाही. त्याच मुकादमाने त्याच कोयत्यांवर आणखी दोन मालकांकडून उचल घेतलेली असते. कधी अर्धीच टोळी येते आणि एका रात्रीत फडातून निघून जाते. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज पडतो आणि पडूनच राहतो. बँकेचे व्याज मात्र थांबत नाही. अशा मालकाने नवे टायर टाकावेत, ब्रेक करून घ्यावेत, कमी भरून दोन खेपा जास्त कराव्यात अशी अपेक्षा आपण करतो. तो मिळेल तिथून टोळी जमवतो आणि मावेल तितका ऊस भरतो. फसवणूक आणि अपघात ही दोन वेगळी खाती आहेत असे मानल्यामुळेच दोन्हींचा बंदोबस्त होत नाही.

मजुरालाही या व्यवहारात सुटका नाही. मुकादमाने बुडवलेल्या पैशासाठी मजुरांना डांबून ठेवल्याचे गुन्हे राज्यात नोंदले गेले आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे द्यायचे ठरले. त्या ओळखपत्राच्या क्रमांकाशी उचल जोडली, तर एकाच कोयत्यावर तीन ठिकाणी पैसे उचलता येणार नाहीत. त्यासाठी कारखान्यांनी आपल्या याद्या एकमेकांना दाखवायला हव्यात. त्यांना ते नको असते, कारण शेजाऱ्याची टोळी पळवणे हाही हंगामाचा एक भाग आहे.

कागदाची दुसरी गंमत ट्रॅक्टरची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे. म्हणून ट्रकला लागते तसे योग्यता प्रमाणपत्र त्याला वेळोवेळी घ्यावे लागत नाही. स्वतःच्या रानातले खत वाहणाऱ्याला ही सवलत योग्यच आहे. पण तोच ट्रॅक्टर चार-पाच महिने दुसऱ्यांचा ऊस भाड्याने ओढतो, तेव्हा तो शेतीचा कसला? माल वाहणारी ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी ही मालवाहू गाडीच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने नटवर पारीख प्रकरणात २००५ मध्येच म्हटले आहे. हा भेद कळतो तो अपघातानंतर. ट्रॉलीची वेगळी नोंदणी बहुधा केलेली नसते, विमा शेतीच्या वापराचा असतो, आणि विमा कंपनी हात वर करते. मोटार अपघात न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते. उचलीत बुडालेल्या मालकाच्या दारात मग ही दुसरी वसुली येऊन बसते.

यावरचा उपाय करार करतानाच करता येतो. अमेरिकेतही वाहतूकदारांकडून होणारी फसवणूक मोठी आहे. बदनाम कंपनी नाव बदलून नवा क्रमांक घेते, दुसऱ्याच्या नावावर माल उचलून पसार होते. तिथे निदान वाहतूकदाराची सुरक्षेची नोंद कुणालाही पाहता येते आणि माल देणारा ती पाहून गाडी ठरवतो. आपल्याकडेही एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र जिवंत आहे की नाही ते दिसते. करार करताना कारखान्याच्या शेती खात्याने हे एवढे पाहिले तरी निम्मा कचरा गाळला जाईल. ट्रॉलीला नंबर नसेल तर करार करू नये. एकच गाडी दोन कारखान्यांच्या यादीत असेल तर दोघांनीही उचल थांबवावी. आणि नोंदणी पुस्तकातल्या क्षमतेपेक्षा वर भरलेल्या टनाचे वाहतूक बिल देऊ नये. शेतकऱ्याला त्याच्या उसाचे पैसे पूर्ण द्यावेत, भाडे तेवढे रोखावे. पोलिसांच्या दहा नाक्यांनी होणार नाही ते काम या एका नियमाने होईल. साखर आयुक्त दर हंगामाला गाळप परवाना देतात, त्या परवान्याची ही अट करता येते. दर कमी पडतो, असे वाहनमालक म्हणतील. तर दर वाढवून मागा. क्षमतेत भरून परवडेल असा दर मागण्यात गैर काही नाही.

आणि हा खर्च कोण देतो? एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, कारखान्याच्या दारातला असतो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरले. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेले सभासदाच्या खात्यावर येते. वर ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे वरचे पैसे, फडात रोख द्यावी लागते, ती वेगळीच. म्हणजे न दिसणाऱ्या त्या ट्रॉलीचे भाडे सणसरचा शेतकरी भरतो, आणि तिच्यामागे रात्री मोटारसायकलवर त्याचाच पोरगा असतो.

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होतील. अहवालात तोडणी-वाहतुकीचा आकडा असतोच. तो वाचून झाला की सभासदांनी उठून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: किती खेपा क्षमतेपेक्षा जास्त भरल्या होत्या, करारातल्या किती गाड्यांचा आणि ट्रॉल्यांचा विमा चालू होता, आणि किती उचल बुडाली. तिन्ही आकडे कारखान्यातच आहेत.