क्षमेचा बाजार आणि मुक्तीची मर्यादा

'तू पापी आहेस' हे एकदा माणसाच्या मनावर बिंबविले की त्याला बांधावयास दुसरी बेडी लागत नाही. वाचकहो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. मागील जन्मीच्या पापाचे फळ म्हणून हा जन्म, असे सांगूनच आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले. म्हणूनच पापाच्या ओझ्यातून सुटण्याचा कोणता मार्ग ख्रिस्ती जगात निघाला आणि तो कोठवर गेला, हे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.

१५०५ साली मार्टिन ल्यूथर हा कायद्याचा जर्मन विद्यार्थी वादळात सापडला. जवळच वीज कोसळली, तेव्हा 'वाचलो तर संन्यास घेईन' असा नवस बोलून तो एर्फुर्टच्या मठात दाखल झाला. उपास, जागरण, प्रार्थना यांत त्याने कसूर केली नाही. गुरूपुढे तो तासन्‌तास पापांची कबुली देई. तरी एखादे पाप सांगावयाचे राहिले असेल, ही धास्ती त्याला सोडीना. सत्कर्मांनी क्षमा मिळवावयाची, तर किती सत्कर्मे पुरेशी? याचा हिशेब कोणापाशीच नव्हता.

पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकविताना पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्यास उत्तर सापडले. देवाचे न्यायीपण म्हणजे पाप्यास शासन, असे तो समजत होता. ते विश्वास ठेवणाऱ्यास देवाने दिलेले दान आहे, असा अर्थ त्याला उमगला. दान कमवावयाचे नसते, स्वीकारावयाचे असते.

त्याच सुमारास योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक पापदंडाच्या माफीची पत्रे विकीत होता. रोममधील सेंट पीटरच्या मंदिराचे बांधकाम हे जाहीर कारण. परंतु निम्मा पैसा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने फुग्गर सावकारांकडून काढलेले कर्ज फेडण्याकडे जाई. गरिबाच्या भीतीवर सावकाराची वसुली! ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने ९५ कलमे लिहून या व्यापारास आव्हान दिले.

मग सत्कर्मे व्यर्थ काय? तसे नव्हे. ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावरील १५२० सालच्या पुस्तकात त्याने म्हटले की, झाड चांगले असले म्हणजे फळ चांगले येते. शेजाऱ्याची सेवा करावी, परंतु स्वर्गाची मजुरी म्हणून नव्हे. हा विचार आम्ही थोर मानतो. पुण्यासाठी दिलेल्या दानात घेणारा माणूस राहत नाही, दात्याच्या पुण्याचे साधन बनतो. याचा अनुभव आपणांस पुरेसा आहे.

परंतु १५२५ साली या विचाराची कसोटी लागली. मेमिंगेन येथे जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने गुराख्यापासून सरदारापर्यंत सर्वांनाच सोडविले आहे, मग आम्ही भूदास का, असे त्यांनी तिसऱ्या मागणीत विचारले. ल्यूथरने प्रथम जमीनदारांनाही दोष दिला. पण ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नव्हे, असे बजावून ही मागणी नाकारली. बंड पेटताच त्याने राजांना तलवार चालविण्याचा उपदेश केला. हजारो शेतकरी कापले गेले.

कृपा व सत्कर्म यांच्या वादावर १९९९ साली ऑग्सबर्ग येथे ल्यूथरपंथी व कॅथॉलिक धर्मसंस्थांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जुने वैर निवळले, हे चांगलेच झाले. मेमिंगेनच्या शेतकऱ्याचा प्रश्न हा मात्र त्या जाहीरनाम्याचा विषय नव्हता.

वाचकहो, तो शेतकरी धर्मद्रोही नव्हता. ज्या कृपेने मन मोकळे होते तिने पाठही मोकळी व्हावी, एवढेच त्याचे मागणे होते. ज्याच्या अंतःकरणातील अपराधाची भीती गेली, तोच मान वर करून हक्क मागू शकतो. म्हणून मनाची मुक्ती आम्ही तुच्छ लेखीत नाही. परंतु मान वर केलेल्या माणसास पुन्हा वाकावयास सांगणारी मुक्ती अर्धीच होय. कोणीही मुक्तीचे वचन घेऊन दारी आला तर त्यास विचारा : तुमच्या देवाने आम्हांस क्षमा केली, तुम्ही आम्हांस बरोबरीने वागविणार काय?